आमच्या सड्यावरचे स्टेशन

रत्नागिरीच्या रेल्वे स्टेशनाचा इतिहास म्हणजे रत्नागिरी शहराच्या सार्वजनिक जीवनाचाच इतिहास होय. हे वाक्य माझे नाही, माझ्या काकांचे आहे. पण ते इंग्रजीत मी लिहिले आणि वर्षानुवर्षे मीच त्याची नक्कल केली, तेव्हा निम्मी जबाबदारी माझ्यावर येते. वाक्य तसे खोटे नाही. स्टेशनाची जागा ठरली होती, तिथल्या सोयी ठरल्या होत्या, फलाटावर पाण्याचे पिंप कुठे ठेवायचे यावर दोन बैठका झाल्या होत्या आणि त्यांतल्या एकीतून एक वकील उठून गेले होते. फक्त स्टेशन नव्हते. रेल्वेही नव्हती. आगगाडी पाहायची तर मोटारीने आंबा घाट चढून कोल्हापूर गाठावे लागे, आणि ती गाडीही तिथून पलीकडे तोंड करून निघे. आमच्याकडे यायचा विचार तिच्या चेहऱ्यावर कधी दिसला नाही.

मी पुण्याहून बी. ए. होऊन परतलो आणि हायस्कुलात मास्तर झालो तो काळ एकोणीसशे वीसच्या थोडा पुढचा. आईवडील लवकर गेल्यामुळे मी काकांच्याच घरी वाढलो होतो. काका कलेक्टर कचेरीतून पेन्शन घेऊन नुकतेच घरी बसले होते. तीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारले होते. आता स्वतः अर्ज करण्याची पाळी आली असे त्यांना वाटले असावे. त्यांनी चार प्रतिष्ठित माणसे जमवून रेल्वे मंडळ काढले. अध्यक्ष ते स्वतः. चिटणीस मी, कारण घरात इंग्रजी लिहिणारा दुसरा कोणी नव्हता आणि मला जेवायला त्याच घरात बसायचे होते.

मंडळ आमच्या ओटीवर भरे. कलमांच्या एका बागायतदाराला आंब्याच्या पेट्यांसाठी गार शेड हवी होती. वकिलांना स्टेशन कोर्टाजवळ हवे होते. एका कापडाच्या व्यापाऱ्याला ते बंदरावर हवे होते, कारण त्याचे दुकान बंदरावर होते. काकांनी सगळ्यांचे ऐकून घेतले आणि आपला सडा स्टेशनासाठी देऊन टाकला. सडा म्हणजे नुसता जांभा. पावसात गुडघाभर गवत, उरलेले आठ महिने तापलेला काळा कातळ. पाणी नाही, झाड नाही, आणि गावापासून दीड कोस लांब. पाच पिढ्यांना त्या जागेचे काय करावे हे सुचले नव्हते. काकांच्या मते अशी सपाट आणि निर्वेध जागा सरकारला सबंध जिल्ह्यात मिळाली नसती.

मग सोयी ठरल्या. मालाची शेड, स्टेशनमास्तरासाठी दोन खोल्यांचे घर, पाणक्या, आणि बायकांसाठी वेगळी विश्रांतीची खोली. ही शेवटची सूचना खुद्द काकांची. ती त्यांनी मांडली तेव्हा काकू माजघराच्या दारात पोह्यांच्या बशा घेऊन उभी होती.

"अहो," ती म्हणाली, "त्या खोलीला कडी आतून असेल ना?"

सभेत बायकांनी बोलायची पद्धत नव्हती, पण मुद्दा बिनतोड होता. "कडी आतून" असे मी इतिवृत्तात लिहिले. मंडळाच्या एकूण कारकिर्दीत एखाद्या प्रवाशाने स्वतः मागितलेली सोय म्हणावी तर ती एवढीच.

ती खोली काकूसाठीच होती. काकूला बोट लागते, ही गोष्ट आमच्या घरात समुद्र पश्चिमेला आहे तितकी पक्की होती. लग्नानंतर पहिल्याच वर्षी काका कसल्याशा खात्याच्या परीक्षेला मुंबईला गेले, तेव्हा नव्या नवरीला बरोबर घेऊन गेले होते. जाताना समुद्र शांत होता. परतताना बोटीने असे काही हाल केले, की उतरल्यावर काकू तासभर बंदरावरच बसून होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याने ते पाहिले. त्यानंतर ती बोटीत बसली नाही. ही कथा काका सांगत. काकू तेव्हा काही तरी निवडत किंवा चिरत असे आणि मान वर करत नसे.

मुंबईला जायचा दुसरा मार्ग खरे म्हणजे नव्हता. बोट खोल पाण्यात उभी राही, पडावात बसून तिच्यापर्यंत जायचे, डेकवर वळकटी पसरायची आणि पोचेपर्यंत देवाचे नाव घ्यायचे. पावसाळ्याचे चार महिने तेही बंद. मोटारीने घाट चढून कोल्हापूर, मिरज, पुणे असे करत जाता येई, पण त्याला दोन दिवस लागत, चार ठिकाणी सामान उतरवावे लागे आणि बाईमाणसाला सोबत लागे. म्हणून मंडळाने रेल्वेसाठी सरकारला केलेल्या अर्जाचा तिसरा परिच्छेद असा होता की, जिल्ह्यातील कुलीन स्त्रियांना समुद्रप्रवासात अवर्णनीय यातना होतात. तो लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे एकच कुलीन स्त्री होती आणि ती मागच्या पडवीत आमसुले वाळत घालत होती.

काकूचा एकुलता एक मुलगा मुंबईत कारकून होता. गिरगावात दोन खोल्या, लग्न झालेले. दर मे महिन्यात आठ दिवस येई आणि आंबे घेऊन परत जाई. त्याच्या बायकोला आई नव्हती. तेव्हा पहिल्या बाळंतपणाला आपण जायचे हे काकूने लग्नाच्या मांडवातच ठरवून टाकले होते. पण दिवस भरले ते भर पावसात. गणपती उठले आणि कार्ड आले: मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत, बोटी सुरू झाल्या की आईला धाडता आले तर पाहावे.

बोटी सुरू झाल्या. काकूने हळिवाचे लाडू केले. आपल्या दोन मऊ झालेल्या लुगड्यांचे दुपटे शिवले, कडेला लाल काठ लावला. मग काकांना विचारले.

"तुला बोट लागते," काका म्हणाले. "तिथं जाऊन तूच आडवी झालीस तर त्या सुनेनं बाळाचं करायचं की तुझं?"

"दोन दिवस पडेन. मग उठेन."

"आणि आता थोडक्यासाठी कशाला? मोजणी सुरू झाली आहे."

मोजणी खरोखरच सुरू झाली होती. एक तरुण गोरा इंजिनिअर दीपगृहाच्या टेकडीवर तिपाईवरची दुर्बीण लावून उभा असलेला गावाने पाहिला होता. कोणी म्हणाले, रेल्वे थेट बंदरापर्यंत नेणार. काकांना बंदर पसंत नव्हते, पण बंदराला जायचे तर आमच्या सड्यावरूनच जावे लागेल असे त्यांनी नकाशावर बोट ठेवून सिद्ध केले. साहेब कशासाठी आला आहे हे त्याच्या पट्टेवाल्याला विचारता आले असते. मी तसे सुचवलेही.

"आणि काय विचारणार?" काका म्हणाले. "रेल्वे मंडळाला रेल्वेचं माहीत नाही, असं सांगत फिरणार?"

त्यामुळे कोणी विचारले नाही. त्याऐवजी पानसुपारी ठरली. त्या वेळी आमच्याकडे कोणीही अधिकारी दोन दिवसांपेक्षा जास्त राहिला की त्याला पानसुपारी होत असे. हार, गुच्छ, अत्तरगुलाब, आणि जरा मोठा असला तर मानपत्र. मानपत्र मी लिहिले. या पुरातन नगरीच्या उंबरठ्यावर प्रगतीची शिट्टी ऐकू येत आहे, असे त्यात होते. काकांनी कचेरीतली जरीची पगडी पेटीतून काढून घातली आणि ते सगळे उभ्याने वाचून दाखवले. साहेबाने मान खाली घालून ऐकले. तो बावीसतेवीस वर्षांचा असेल. त्याला घाम फुटला होता, आणि आपला एवढा सत्कार का चालला आहे हे त्याला शेवटपर्यंत कळले नसावे. उत्तरादाखल तो म्हणाला की इथले लोक फार प्रेमळ आहेत आणि इथला पापलेट उत्तम असतो. टाळ्या झाल्या.

साहेब गेल्यावर उरलेले विडे वाटताना मी पट्टेवाल्याला विचारले, "पुढे कुठे मोजणार?"

"पुढं कुठं? झालं की." त्याने विडा गालात सरकवला. "बंदरावरचा धक्का लांबवायचाय. बोटीच्या पॅसेंजरांचे पाय भिजतात म्हणून वर तक्रार गेली होती."

मी ही गोष्ट काकांना सांगितली. ते बराच वेळ पगडीची जर नीट करत राहिले. मग म्हणाले, "धक्क्यापासूनच सुरुवात होते. आता तिला काही सांगू नकोस. मे महिन्यात ती तिघं येतीलच."

मी सांगितले नाही. काकूला घेऊन मी स्वतः जाऊ शकलो असतो. नाताळची सुट्टी होती, मला बोट लागत नव्हती. मला कोणी जा म्हटले नाही आणि मी जातो म्हटले नाही. सुट्टीत मी अर्जाच्या सहा प्रती काढल्या.

शिमग्याच्या आदल्या दिवशी तार आली. मुलगी गेली. दोन दिवसांचा ताप झाला होता.

काकूने तार वाचता येत नसूनही हातात घेऊन पाहिली. मग ती आत गेली आणि दुपटे होते तसेच घडी करून ट्रंकेत ठेवून आली. संध्याकाळी दिवा लावला, स्वयंपाक केला. त्या आठवड्याची मंडळाची सभा तहकूब झाली आणि अध्यक्षांच्या नातीच्या निधनाबद्दल दुःखाचा ठराव झाला. मी तो लिहीत असताना काकू मागे येऊन उभी राहिली.

"तिचं नाव घातलंस का रे त्यात?"

"नाही. 'अध्यक्षांची नात' असंच लिहायची पद्धत आहे."

"अस्सं," ती म्हणाली. "मला ती कोणासारखी दिसत होती तेही माहीत नाही. त्यांना विचार, अर्जात घालता येतं का."

ती हे रागाने म्हणाली असती तर बरे झाले असते.

त्यानंतर सातआठ वर्षे गेली. त्यांचे काही सांगण्यासारखे नाही. दर वर्षी दिवाळीनंतर मी मागचा अर्ज काढी, वरचे साल बदली आणि खाली जुनेच लिही. दर वर्षी उत्तर येई की विषय विचाराधीन आहे. शब्दही तेच असत. पलीकडच्या टोकालाही माझ्यासारखाच कोणी तरी बसला असेल आणि मागचे उत्तर काढून वरचे साल बदलत असेल, अशी माझी खात्री पटत गेली, आणि त्याच्याविषयी मला आपुलकी वाटू लागली. वकील वारले. बागायतदाराने पेट्या बोटीनेच पाठवायच्या हे कायम करून मंडळात येणे सोडले. धक्का मात्र लांबला. मोटार कंपनीच्या पत्र्याच्या शेडमध्ये कोल्हापूरच्या पुढचे आगगाडीचे तिकीट मिळू लागले, तेव्हा लोक त्या शेडलाच स्टेशन म्हणू लागले. काका त्या रस्त्याने जाणे टाळत. अर्जातला तिसरा परिच्छेद तसाच राहिला. तो गाळावा असे मला प्रत्येक वेळी वाटे आणि प्रत्येक वेळी मी तो उतरवून काढी. कंटाळलेल्या माणसाला गाळण्यापेक्षा उतरवणे सोपे जाते.

मग एका मार्गशीर्षात कार्ड आले. इतक्या वर्षांनी सुनेला पुन्हा दिवस गेले होते. सातवा महिना लागला होता. या खेपेला मुलाने काही मागितले नव्हते, नुसते कळवले होते. मी ते जेवताना वाचून दाखवले. काकू वाढत होती.

"मी जाते," ती म्हणाली.

"कशानं?" काकांनी विचारले.

"बोटीनं."

"तुला बोट लागते."

"लागू दे."

"अगो, आता तुझं वय काय, आणि ..."

"माझं वय तुमच्या मंडळामुळेच झालं. ताक वाढू?" तिने ताक वाढले. "तुमची रेल्वे आली की कळवा. येताना तिनं येईन."

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केले की तेही येणार, कारण बोटीत तिचे कोण पाहणार? नाताळची सुट्टी होती, म्हणून मीही निघालो. या वेळी मला कोणी विचारायची मी वाट पाहिली नाही. काकांनी तिच्यासाठी लिंबे घेतली, आवळासुपारी घेतली आणि एक पितळी पातेले घेतले. काकूने घावन केले, ओल्या नारळाची चटणी केली आणि ट्रंकेतून लाल काठाचे दुपटे काढले.

लांबवलेल्या धक्क्यावरून आम्ही पाय न भिजता पडावात उतरलो. काकूला हात द्यायला पडावाचा म्हातारा तांडेल पुढे झाला. तो मिरकरवाड्याचा. काकांना आणि त्यांच्या मंडळाला सगळे बंदर ओळखत होते.

"काय काकानू," तो म्हणाला, "आज बोटीनं? रेल चुकली जणू?"

पडावातले लोक हसले. काका समुद्राकडे पाहत राहिले. काकू पदर सावरून बसली आणि तांडेलाला म्हणाली, "चुकली नाही हो बाबा. यांची रेल अजून कागदावर उभी आहे. तिला सिग्नल मिळत नाही."

"मिळूच नये काकी. ती आली तर आमी काय खायाचं?"

डेकवर आम्ही वळकट्या पसरल्या. काकांनी पातेले काकूच्या उशाशी ठेवले, लिंबू कापून तिच्या हातात दिले आणि डोळे मिटून पडून राहायला सांगितले. तिने लिंबू घेतले आणि बसूनच राहिली. मिऱ्याचा डोंगर मागे पडला तशी बोट हलू लागली. फार नाही, पाळण्याइतकी. काका आधी बोलायचे थांबले. मग त्यांनी टोपी काढली. मग त्यांनी पातेले आपल्याकडे ओढले.

मी उठणार तोच काकू पुढे झाली. एका हाताने तिने त्यांचे कपाळ धरले, दुसऱ्याने पाठ, आणि पातेले गुडघ्यांत अडकवून ते कलणार नाही असे बसवले. हे सगळे तिने न पाहता, न घाबरता केले. एखादी गोष्ट पूर्वी एकदा नीट शिकलेले माणूस जसे करते तसे. ओकारी थांबल्यावर तिने त्यांचे तोंड पुसले आणि हातातले लिंबू त्यांच्या हातात दिले. काका कठड्याकडे तोंड करून पडले.

मी तिच्याकडे पाहत होतो.

"तेव्हाही असंच झालं," ती हलक्या आवाजात म्हणाली. "तेव्हा पातेलं नव्हतं. सगळं माझ्या पदरात. मी चौदा वर्षांची. उतरल्यावर तिथंच पदर धुतला आणि वाळवत बसले. लोक विचारायला लागले, काय झालं, काय झालं. हे म्हणाले, हिला बोट लागली. नव्या नवरीनं काय बोलायचं?"

"पण नंतर? इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं तेच ऐकलं ना मी. मग मलाही वाटायला लागलं, लागत असेल."

मला पहिल्या नातीच्या त्या वर्षाविषयी विचारायचे होते. तिने ते ओळखले असावे, कारण तिने दुपट्याची पिशवी जवळ ओढून मांडीवर घेतली आणि ती किनाऱ्याकडे तोंड करून बसली. किनारा तसा फार लांब नव्हता. जयगड यायच्या आत तिने डबा उघडला. मला दोन घावन दिले, आपण चार खाल्ले, आणि काकांच्या वाटचे उरले ते समोरच्या बाईच्या पोरांना वाटून टाकले.

फेब्रुवारीत मुलगा झाला. काकू पुढच्या मे महिन्यापर्यंत तिथेच राहिली आणि बोटीने एकटी परत आली. काका आठ दिवसांतच परतले होते. ते मुंबईहून पुणे, मिरज, कोल्हापूर असे रेल्वेने आले आणि तिथून मोटारीने. त्यांना दोन दिवस लागले.

दिवाळीनंतर मी अर्ज काढला. वरचे साल बदलले. तिसऱ्या परिच्छेदातला 'कुलीन स्त्रियांना' हा शब्दप्रयोग खोडून तिथे 'काही प्रवाशांना' असे घातले आणि प्रत काकांपुढे ठेवली. त्यांनी ती नेहमीप्रमाणे पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली, तिसऱ्या परिच्छेदाशी थोडे थांबले, आणि सही केली.